सात नंबरची सीट

ही घटना खरी आहे.

हे वाक्य इथे प्रत्येक जण लिहितो आणि चौथ्या ओळीत मोकळ्या केसांची बाई रस्त्यात उभी करतो. या पानावरच्या बऱ्याच गोष्टी मी वाचल्या आहेत. बहुतेक थापा आहेत. त्याही धड जमलेल्या नाहीत.

माझ्या गोष्टीत बाई नाही. पडका बंगला नाही. रात्रसुद्धा नाही.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. बुधवार. सकाळी सव्वाआठ ते संध्याकाळी पाच. लख्ख ऊन.

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला फरक पडत नाही. मी लिहितोय, कारण...

कारण घरात कुणाला सांगायची सोय नाही.

मी लिफ्ट तपासतो. एखादी लिफ्ट माणसं वाहायच्या लायकीची आहे की नाही, हे सही करून सांगणं माझं काम. अठ्ठावीस वर्षं झाली. दोर, ब्रेक, दारं, वजनाचा काटा. लोक घाबरून सांगत येतात, साहेब, लिफ्ट आपोआप मधेच थांबते, काहीतरी आहे हो तिथे. काहीही नसतं. दाराच्या खाचेत कुणीतरी चघळून थुंकलेलं च्युइंगम असतं.

हे आधीच सांगून ठेवतो. मी घाबरट नाही. भोळा तर अजिबात नाही.

मला एक मोठा भाऊ आहे. दादा. त्याने एकतीस वर्षं बस चालवली. या शहरातून त्या शहरात, त्या शहरातून या शहरात. कधी पुढे जायची घाई नाही, कधी हॉर्नवर हात नाही. डेपोतले लोक त्याला ‘सावकाश’ म्हणायचे. हाक मारतानाही तेच. ए सावकाश, चहा घे. आणि त्याला त्याचा अभिमान वाटायचा. चाळीस माणसांसमोर कुणी आपल्याला सावकाश म्हणतंय यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे, ते मला कधी कळलं नाही.

अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

भांडण नव्हतं. जमिनीचा तुकडा नव्हता, काही नव्हतं. मला बढती मिळाली तेव्हा ऑफिसने एका हॉटेलात कार्यक्रम ठेवला होता. दादा ड्युटी संपवून थेट तिथे आला. खाकी गणवेशात. बगलेला डाग. हातात फुलं. माझे साहेब शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, “हे कोण?”

मी म्हणालो, “ड्रायव्हर.”

खोटं काय होतं त्यात? ड्रायव्हरच होता.

साहेब हसून त्याला म्हणाले, “ड्रायव्हर लोकांच्या जेवणाची सोय खाली केली आहे.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. फुलं माझ्या हातात दिली. खाली गेला, जेवला, निघून गेला.

गणवेश बदलून यायला काय झालं होतं, असं मला तेव्हाही वाटलं. अकरा वर्षं वाटत राहिलं.

मंगळवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. दादाच्या बायकोचा. आवाज कोरडा, सरकारी पत्र वाचून दाखवावं तसा.

“भावजी, यांचं परवा सकाळी सातला हृदयाचं ऑपरेशन आहे. उद्या भेटायची वेळ चार ते पाच. एका वेळी एकच माणूस आत सोडतात. यांनी सांगितलं म्हणून कळवते आहे.”

“येतो,” मी म्हणालो.

“बघा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर परिषद भरली. कशाने जायचं?

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, नेमका त्या दिवशी आला होता. हा माणूस आयुष्यात तीन वेळा नापास झाला, पण सगळ्या गाड्यांची वेळापत्रकं त्याला पाठ. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली.

“ट्रेन. सकाळी सहा दहा. एक वीसला तिथे. खिडकीत बसायचं, पाय पसरायचे. ट्रेनसारखं सुख नाही.”

“तिकीट मिळेल?”

“वेटिंग चौदा दाखवतंय. पण होतं कन्फर्म. माझं नेहमी होतं.”

“तुला कुठे वेळेत पोचायचं असतं?” मी म्हणालो. तो दात काढून हसला. त्याला अपमान समजायलाही वेळ लागतो.

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिला चिठ्ठ्या वाचायची सवय, त्यामुळे कमी बोलते आणि नेमकं बोलते. ती फोनवर काहीतरी करत बसली होती. मग तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

“बसचं काढलंय. सव्वाआठची. सीट नंबर सात, खिडकी. अडीचला पोचते.”

“बस?”

“दादांचीच लाइन आहे. त्याच रस्त्याने. तुम्ही बसने आलात हे कळलं की त्यांना बरं वाटेल.”

“मला बरं वाटणार नाही,” मी म्हणालो. “सहा तास ढोपरं छातीला लावून बसायचं. पुढचा सीट मागे टाकणार, मागचा फोनवर गाणी लावणार. मी बसने जात नाही.”

“अकरा वर्षांत नाही गेलात. एकदा जा.”

“रद्द कर ते.”

“मी नाही करणार. तुम्हाला करायचं तर करा.”

मी केलं नाही. मुद्दाम नाही केलं. जाऊ दे सात नंबर रिकामी, तेवढीच एखाद्याला पिशवी ठेवायला जागा. मी त्याच रात्री खासगी गाडी ठरवली. दारातून दारात. साडेदहाला निघायचं, तीनच्या आत हॉस्पिटल. सकाळी जवळच्या एका इमारतीत तपासणी होती, ती उरकूनही वेळ पुरत होता. माणसाने थोडी अक्कल वापरली की प्रवासात हाल होत नाहीत. पण ती मुळात असावी लागते.

बायकोला मी गाडीचं सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही.

बुधवारी सकाळी सव्वाआठला मी त्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. तळमजल्याच्याही खाली. तिथे फोनला रेंज नसते. कधीच नसते.

टिंग...

मी फोन काढला. बस कंपनीचा मेसेज.

‘सीट ७ चे प्रवासी बसमध्ये बसले आहेत. आपला प्रवास सुखाचा होवो.’

मी हसलो. यांचं सगळंच असं. माणूस खड्ड्यात आणि मेसेज म्हणतो बसमध्ये. कंडक्टरने यादीवर डोळे मिटून खुणा केल्या असणार. फोन खिशात ठेवला आणि काम संपवलं.

साडेदहाला गाडी दारात आली. पांढरी, स्वच्छ. ड्रायव्हर तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, केसांना भरपूर जेल. दार उघडून उभा राहिला. “गुड मॉर्निंग सर.” मी मागे बसलो, पट्टा लावला.

गाडी सुरू झाली. समोरच्या पडद्यावर सीटांची छोटी चित्रं उमटली. माणूस बसलेल्या सीटचं चित्र हिरवं होतं.

एकच हिरवं होतं. ड्रायव्हरचं.

“सर, नीट बसलात ना?”

“नाही, उभा आहे,” मी म्हणालो.

तो कसनुसा हसला. “नाही, म्हणजे... मागची सीट रिकामी दाखवतंय.”

“सेन्सर गेला असेल. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. रिकामी कशी दाखवेल?”

“हो सर. सेन्सरच.” त्याने पडद्यावर दोनदा टिचकी मारली.

चित्र हिरवं झालं नाही.

अशा सेन्सरांवर मी आयुष्य काढलंय. ते मरतात, हे मला माहीत आहे. मी मागच्या सीटवर थोडं दाबून बसलो. हाताने सीट दाबली. मग सरकून दुसऱ्या बाजूला बसलो.

तिथलंही हिरवं झालं नाही.

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

टोल नाक्यावर गाडी थांबली. केबिनमधल्या माणसाने वाकून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, “काय, रिकामीच परत चालला?”

“नाही हो. साहेब आहेत की.”

तो माणूस पुन्हा वाकला. त्याची नजर माझ्यावरून गेली. थांबली नाही. टेबलावरून फडकं फिरवावं तशी गेली. मग मी खाकरलो, तेव्हा तो दचकला.

“अरे... सॉरी साहेब. काचेवर ऊन होतं.”

ऊन पलीकडच्या बाजूला होतं.

आता तुमच्यातल्या कुणाला तरी वाटेल की मी इथेच उतरायला हवं होतं. उतरून काय करायचं? हायवेच्या कडेला उभं राहून रडायचं? मी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितलं.

सव्वाबाराला आम्ही वाटेतल्या एका हॉटेलपाशी थांबलो. सगळ्या गाड्या थांबतात तसलं. लांबच लांब छत, खाली पत्र्याची टेबलं, मागे ओले संडास. आणि छताच्या टोकाला बस उभी होती.

तीच बस. सव्वाआठची. पाटीवर दोन्ही शहरांची नावं, बाजूला वेळ.

मला मजा वाटली. दोन तास उशिरा निघून मी यांना गाठलं होतं. चहाचा कागदी कप घेऊन मी मुद्दाम बसपाशी गेलो. घामेजलेली माणसं, पिशव्या, कुणाचं तरी रडणारं पोर, खिडकीतून टाकलेली केळ्याची सालं. हे सगळं बायकोने माझ्यासाठी ठरवलं होतं.

कंडक्टर दारात उभा होता. मला बघून त्याने हात केला.

“चला साहेब, बसा. तुमच्यासाठीच थांबलोय.”

“मी तुमच्या बसमध्ये नाही.”

“अहो, सात नंबर ना? सावकाशचे भाऊ ना तुम्ही? मघाशी एवढं सांगत होतात त्याच्याबद्दल.” त्याचा आवाज खाली आला. “मी पाच वर्षं होतो त्याच्याबरोबर. आज जाऊन भेटा, साहेब. फार बोलायचा तुमच्याबद्दल.”

मी ड्रायव्हरचा भाऊ आहे, हे मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. बसमध्ये तर नाहीच नाही.

“तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बघून बोलताय,” मी म्हणालो.

कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून बसच्या आत पाहिलं. डाव्या रांगेत, पुढून तिसऱ्या खिडकीकडे.

त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“असं कसं...” तो पुटपुटला. “तुम्ही तर बसलाय.”

मी वर पाहिलं.

त्या खिडकीला निळा पडदा होता. अर्धा ओढलेला. पडद्याच्या मागे कुणीतरी बसलं होतं. खांदा दिसत होता. फिकट राखाडी शर्ट. तसला शर्ट माझ्या अंगावर होता. पण तसले शर्ट हजारो लोक घालतात.

मग एक हात पुढे आला आणि त्याने पडदा पूर्ण ओढून घेतला.

उजवा हात. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला.

खड्ड्यात काम करताना काच फुटू नये म्हणून मी घड्याळ तसं घालतो. उजव्या हातात. तबकडी आत.

चहा माझ्या बोटांवर सांडला होता. ते मला नंतर कळलं.

बसमध्ये चढायला तीन पायऱ्या होत्या. तीन पायऱ्या आणि दोन पावलं. मी चढलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी चढलो नाही. मी कंडक्टरला म्हणालो, “तुमच्या यादीचा घोळ आहे, नीट तपासत जा,” आणि वळून गाडीकडे गेलो. चालत. पळालो नाही. माझी पाठ मात्र पूर्ण वेळ गार पडली होती.

“पुढे काढ,” मी ड्रायव्हरला म्हणालो. “ती बस मागे टाक.”

त्याने टाकली. पाच मिनिटांत बस आरशात ठिपक्याएवढी झाली. माझा जीव जरा भांड्यात पडला. मी मनाशी म्हणालो, आता कोण आधी पोचतं बघू.

पण त्या जेलवाल्याला मोबाइलने शॉर्टकट दाखवला.

“सर, वीस मिनिटं वाचतील.”

मी हो म्हणालो. आम्ही हायवे सोडला. शेतांमधून, मग एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीलगत. अकरा किलोमीटर गेल्यावर पूल आला. पुलाचं काम चालू होतं. म्हणजे, चालू नव्हतं. आडवी पिंपं, दोरी आणि पाटी. एक माणूस नाही. मागे वळायला जागा नाही, म्हणून दोन किलोमीटर उलटं जायचं. त्यात टायर खडीवर फुटला. ड्रायव्हर खाली उतरून पाना शोधू लागला. त्या चकचकीत गाडीच्या पोटात साधा धड पाना नव्हता.

मी गाडीत बसून होतो. सगळं गप्प होतं. पक्षी नाही, वारा नाही.

दीड वाजला. दोन वाजले.

मला अचानक वाटलं, आपल्याला इथे कुणी शोधायला येणार नाही. कारण आपण हरवलेलो नाही आहोत. आपण तर बसमध्ये आहोत. खिडकीशी. वेळेवर.

असले विचार मी करत नाही. त्या दिवशी केला.

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याच्या पान्याने टायर बदलला आणि चार चाळीसला मी हॉस्पिटलच्या दारात उतरलो. काचेचं सरकतं दार. समोर गेलो. उघडलं नाही. मागे झालो, पुढे झालो. उघडलं नाही. मग एक बाई उन्हाची छत्री मिटत आली आणि दार तिच्यासाठी उघडलं. मी तिच्या मागून आत शिरलो.

पास देणारी मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. मी दादाचं नाव सांगितलं.

“पास दिलेला आहे,” ती वर न बघता म्हणाली. “भाऊ आहेत वरती.”

“भाऊ मी आहे.”

तिने वही माझ्याकडे फिरवली. पेशंटशी नातं: भाऊ. वेळ: चार वाजून पाच. पुढे सही.

माझी सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे ओढून मी तिच्याखाली रेघ मारतो आणि रेघेवर दोन टिंबं देतो. अठ्ठावीस वर्षांत हजारो प्रमाणपत्रांवर केली आहे. रेघ होती. दोन टिंबं होती. कुणी नक्कल केली असती तर मी ओळखली असती. मी माणसांच्या खोट्या सह्या ओळखतो.

ती खोटी नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये वहिनी बसली होती. मला बघून उठली. डोळे रडून सुजले होते, पण चेहरा निवळला होता. काल फोनवर बोलली ती ही बाई नव्हतीच.

“आलात परत? मी म्हटलं, निघालात की काय. चहा तरी घ्यायचा होता, भावजी.”

“मी... कधी गेलो?”

“आत्ता. दोन मिनिटं झाली असतील. जिन्याने गेलात की.” तिने बोट दाखवलं. “बरं वाटतंय ना तुम्हाला? घामाने भिजलाय.”

मी जिन्याचं दार ढकललं.

खाली पावलं वाजत होती.

कुणीतरी सावकाश उतरत होतं. एक पायरी... एक पायरी... आणि दर दुसऱ्या पावलाला बुटाचा तळ कुरकुरत होता.

मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग एक पायरी उतरलो. डावा पाय. मग उजवा.

उजवा कुरकुरला.

“कोण आहे?” मी म्हणालो.

पावलं थांबली.

कठड्यावरून वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं. दोन मजल्यांचं तर अंतर. मी वाकलो नाही. मी तिथेच उभं राहून ऐकत होतो. खालून श्वासाचा आवाज येत होता. तोही ऐकत होता.

मग पावलं पुन्हा सुरू झाली. एक पायरी... एक पायरी... तळाला कुठलंतरी दार उघडलं आणि मिटलं.

मी वर आलो. पाच वाजायला अकरा मिनिटं होती. वहिनी म्हणाली, “जा आत. मी नर्सला सांगते.”

दादा उशांना टेकून बसला होता. वाळला होता. हात पांघरुणावर, सुया टोचलेले. मला बघून हसला. अकरा वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

“काय रे, काही विसरलास?”

त्याला सांगायला हवं होतं, की मी आत्ताच येतोय. तो जो होता, तो मी नव्हे. उद्या सकाळी सातला त्याची छाती उघडणार होते.

“चष्मा,” मी म्हणालो. “चष्मा राहिला वाटतं.”

“डोळ्यांवर आहे,” दादा म्हणाला आणि खोकेपर्यंत हसला. मग माझा हात धरला. “बरं झालं आलास. आणि बरं झालं, ते खिडकीचं सांगितलंस.”

“खिडकीचं?”

“मला वाटायचं भास झाला असेल. तुझ्या बढतीच्या दिवशी खाली कठड्यावर बसून जेवत होतो, वर बघितलं, तर तू खिडकीत. आणि मी बघितलं म्हटल्यावर मागे सरकलास. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होतो, की तो दुसरा कुणीतरी असेल. काचेमुळे तसं दिसलं असेल. आज तूच म्हणालास, दादा, तो मीच होतो.”

त्या खिडकीचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वरच्या मजल्यावर, दोन पडद्यांच्या मधे, एकटा उभा होतो. तो प्लास्टिकच्या ताटलीतून खात होता. त्याने वर पाहिलं. मी मागे सरकलो. एवढंच. अकरा वर्षं ते मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं.

आणि कुणीतरी सहा तास बसमध्ये ढोपरं मुडपून आलं आणि माझ्या तोंडाने ते बोलून गेलं.

तुम्हाला वाटेल मला भीती वाटली. वाटली. पण त्याहून जास्त मला त्या माणसाची किळस आली. इतकं सोपं असतं का? सात नंबरच्या सीटवर बसून यायचं, डोळे भरून आणायचे, हात धरायचा आणि मोकळं व्हायचं? माझी माफी मागायचा त्याला काय अधिकार? मी ती मागायला तयार नव्हतो, म्हणून ती पडून होती. माझी होती.

दादाने हात सोडला नव्हता.

“आणि ते दुसरं,” तो हळूच म्हणाला. “ते करायचं ना, नक्की?”

“कुठलं?”

“नुसतं माझं मन राखायला म्हणाला नाहीस ना?”

तो माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होता, त्या डोळ्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. मलासुद्धा.

“नाही दादा. करायचं.”

“वचन?”

“वचन.”

नर्स आली. वेळ संपली होती.

ऑपरेशन नीट झालं. परत येताना मी ट्रेनने आलो. हे माझ्या मेहुण्याला कळता कामा नये.

तेव्हापासून दादा दर रविवारी फोन करतो. आम्ही बोलतो. त्याची औषधं, चालणं, डेपोतली जुनी माणसं. घरात सगळे खूश आहेत. बायको एकदा म्हणाली, “बघा, बसने गेलात त्याचा किती फरक पडला.” कंडक्टरने दादाकडून नंबर घेऊन तिच्या फोनवर माझा फोटो पाठवलाय. बसमधला. मी हसतोय आणि शेजारच्या म्हाताऱ्याला पाणी देतोय. तिने तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय. मी त्या भिंतीकडे तोंड करून बसत नाही.

पण हे सगळं चालवून घेता आलं असतं.

गेल्या रविवारी दादा म्हणाला, “डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. आता ठरल्याप्रमाणे करायला हरकत नाही. तारीख तू सांग.”

“सांगतो.”

“तुझ्या वहिनीला मी यातलं काही बोललो नाहीये. तूही घरी बोलू नकोस. तूच म्हणाला होतास तसं.”

एक वर्ष मी हो हो करत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. आयुष्यात कुणाला विचारायला मला इतकं जड गेलेलं नाही.

“दादा... मी नक्की काय म्हणालो होतो?”



दादा हसला. मायेने.

“हे तू विचारशील, असंही म्हणाला होतास. म्हणालास, दादा, पुढे कधीतरी मी तुला विचारेन, काय ठरलं होतं. तेव्हा मला सांगू नकोस. सांगितलंस तर मी येणार नाही.”

“मग?”

“मग काय. तारीख तेवढी कळव.”

मी अजून कळवलेली नाही.